संधी सोडवा

शाळेत असताना संस्कृतच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा : 'संधी सोडवा.' पाच मार्कांना. त्या पाच मार्कांवर माझा फार भरवसा असे, कारण उरलेल्या पंचाण्णवांवर नव्हता. 'सूर्योदय' म्हणजे सूर्य अधिक उदय, 'रवींद्र' म्हणजे रवि अधिक इंद्र, असं फोडून दाखवलं की मास्तर खूष. पुढे मॅट्रिक झालो आणि वडिलांनी नेमका उलटा धडा द्यायला सुरुवात केली. "आलेली संधी सोडू नये!" बँकेत कारकुनांच्या जागा निघाल्या. वडील म्हणाले, संधी सोडू नकोस. मी सोडली नाही. छत्तीस वर्षं धरून बसलो. त्या खुर्चीत बसून बसून जो संधिवात जडला, तोही मी अद्याप सोडलेला नाही. किंवा त्याने मला म्हणा.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमची पुतणी.

पुतणी म्हणजे दादाची धाकटी. घरात तिला अजून छकुलीच म्हणतात, वय वर्षे सत्तावीस. इंजिनियर झाली, हिंजवडीत तीन वर्षं नोकरी केली, आणि एका रविवारी तिने जाहीर केलं की मी अमेरिकेला शिकायला जाणार. घरात आनंदीआनंद. वहिनींनी पेढे आणवले. दादाने पेढा तोंडाशी नेता नेता सहज विचारलं, "काय शिकायला?"

"गोष्टी लिहायला."

पेढा हातातच राहिला.

तेव्हापासून दादा सोसायटीत 'मास्टर्स करतेय' एवढंच सांगतो. कशात, हे कोणी विचारत नाही. मास्टर्स म्हटलं की लोक पगाराचंच विचारतात. डिग्रीचं पूर्ण नाव मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे एम.एफ.ए. हे प्रकरण तिकडे काही आजचं नाही. आयोवा म्हणून एक राज्य आहे, मका आणि डुकरं यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या विद्यापीठाने १९२२ साली ठरवलं की वरच्या डिग्रीसाठी प्रबंधाच्या जागी कथा-कविता दिल्या तरी चालतील. १९३६ साली तिथे लेखकांची रीतसर कार्यशाळा सुरू झाली. फ्लॅनरी ओकॉनर तिथूनच शिकून निघाली. १९६७ साली अशा लेखनविभागांची संघटना निघाली तेव्हा देशभरातले १३ विभाग तिच्यात होते. आज ते काही शेकड्यांत आहेत. मका जसा आयोवातून सगळीकडे गेला, तशीच ही डिग्री गेली.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यावर खो खो हसतात. "अहो, लिहायला काय शिकवता येतं?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मला एकच विचारावंसं वाटतं, की गाणं शिकवता येतं ना? बुवांच्या दारात बारा बारा वर्षं तालीम चालते, तेव्हा कोणी असं म्हणत नाही. मग लिहिणाऱ्यानेच आईच्या पोटातून का शिकून यायचं? त्या वर्गात म्हणे एकाची गोष्ट सगळ्यांनी वाचून यायची आणि मग तिच्यावर चर्चा. चर्चा चालू असताना ज्याची गोष्ट तो गप्प. तोंडातून अक्षर काढायचं नाही. छकुली पाऊण तास गप्प बसली हे ऐकल्यावर तर माझं त्या शिक्षणपद्धतीबद्दल फार चांगलं मत झालं. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे.

तेव्हा माझं भांडण शिक्षणाशी नाही. भांडण आहे ते दर शुक्रवारच्या पत्राशी.

तिच्या विभागातून सगळ्या विद्यार्थ्यांना दर शुक्रवारी एक पत्र येतं. 'बातम्या आणि संधी.' मीही अधूनमधून मासिकांतून लिहितो, याचं भान सबंध घराण्यात एकट्या छकुलीला आहे, म्हणून ती ते मला पाठवते. "काका, तुम्हालाही काहीतरी पाठवता येईल." मी ते छापून घेतो. पडद्यावर वाचलेलं मला खरं वाटत नाही.

पत्राचा पहिला भाग बातम्यांचा. अमकीची कविता तमक्या त्रैमासिकाने स्वीकारली, अभिनंदन. अमक्याची गोष्ट तमक्या स्पर्धेत शेवटच्या वीसांत आली, अभिनंदन. आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर क्लासवाले लावतात ना फोटोंचे फलक, त्यातलाच प्रकार. फक्त इथे मार्क दिसत नाहीत. दुसरा भाग संधींचा, आणि तो मोठा. या मासिकाला कथा पाठवा. या स्पर्धेत कवितासंग्रह पाठवा. या डोंगरावरच्या शिबिराला या. शेवटची तारीख अमुक. शुल्क तमुक.

'शुल्क' या शब्दाशी माझी नजर अडखळली. माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. मी बँकेतला जुना लाल पेन काढला, कागदावर मधोमध उभी रेघ मारली आणि एका बाजूला 'जमा' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'नावे'. ज्या संधीत लेखकाला पैसे मिळणार ती जमेकडे, ज्यात लेखकाने पैसे द्यायचे ती नावेकडे. अर्ध्या तासात 'नावे'ची बाजू पानाखाली उतरून मागल्या बाजूला गेली. जमेच्या बाजूला दोनच नोंदी होत्या, आणि त्यातल्या एकीवर 'फक्त अमेरिकन नागरिकांसाठी' असं लिहिलेलं होतं.

मी लगेच फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"छकुले, हे तीन तीन डॉलर कसले?"

"वाचनशुल्क, काका."

"म्हणजे मासिक वाचायचे?"

"नाही. आपली गोष्ट त्यांनी वाचायचे."

मला दोन मिनिटं ते कळेचना. दूधवाला आपल्याकडून दुधाचे पैसे घेतो हे मला ठाऊक आहे. पण आपण दूध घेऊन त्याच्या दारी जायचं, त्याने ते चाखून बघायचं, चाखण्याचे आपल्याकडून पैसे घ्यायचे आणि 'आमच्या भांड्यात बसत नाही' म्हणून परत करायचं, हा धंदा मी प्रथमच ऐकत होतो.

सगळेच तसे नाहीत, हे आधी सांगतो, नाहीतर छकुली रागवेल. न्यूयॉर्कर कथा वाचायला काही घेत नाही. शिकागोचं 'पोएट्री' मासिक १९१२ सालापासून चालू आहे. तेही काही घेत नाही, उलट छापलेल्या कवितेचे ओळीवर पैसे देतं. (आपल्याकडे हा नियम आला तर एका शब्दाची ओळ करणाऱ्या नवकवींचं कोटकल्याण होईल.) पण पुष्कळ लहानमोठी मासिकं गोष्टीमागे तीनेक डॉलर घेतात. आपले अडीचशेच्या वर रुपये झाले. एक गोष्ट एकाच वेळी दहा ठिकाणी पाठवायची तिकडे मुभा आहे, आणि पाठवावीच लागते, कारण शंभरातली एक घेणारं मासिकसुद्धा उदार म्हणायचं. म्हणजे एका गोष्टीला तीस डॉलर. आणि स्पर्धा असली तर एकाच पाकिटाला वीस, पंचवीस, कधी तीस डॉलर.

"काका, तुमच्या वेळी नव्हता का खर्च? तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचात की तुम्ही! इथेही तसंच होतं. त्या पोस्टेजच्या जागी हे तीन डॉलर आले, एवढंच."

मुद्दा बिनतोड वाटला. मी फोन ठेवला आणि दोन दिवस विचार करत होतो.

'साभार परत' या दोन शब्दांवर माझी हयात गेली आहे. माझा एक लेख चार मासिकांचं दर्शन घेऊन पाचव्यांदा घरी आला, तेव्हा पोस्टमन म्हणाला होता, "साहेब, हे पाकीट मला पाठ झालंय." प्रत्येक फेरीला जाण्याचं तिकीट वेगळं, येण्याचं वेगळं. खर्च होताच. पण तो पैसा जायचा कुठे? टपालखात्याकडे. आणि टपालखात्याला साहित्यात काडीचा रस नव्हता. लेख स्वीकारला काय, परत आला काय, पोस्टमास्तरांच्या जेवणात मीठ कमीजास्त होत नसे. संपादकाला तर माझा लेख परत करण्यात पैचा फायदा नव्हता. उलट पाकीट चिकटवायची कटकट. त्यामुळे 'साभार परत' आलं तरी मला त्या माणसाच्या नियतीबद्दल कधी शंका आली नाही. अकलेबद्दल आली.

या तीन डॉलरांतला काही हिस्सा पाठवण्याची यंत्रणा चालवणाऱ्याला जातो. ते टपाल झालं, मान्य. उरलेले मासिकाच्या गल्ल्यात जातात. म्हणजे परत केलेल्या प्रत्येक गोष्टीमागे मासिकाला चार पैसे सुटतात, आणि छापलेल्या गोष्टीमागे कागद, छपाई, झालंच तर मानधन असा खर्च येतो. बँकेत मी इतकी वर्षं हेच शिकलो की माणसं वाईट नसतात, पण पैसा ज्या दिशेला उतार असेल त्या दिशेला जातो. नकाराच्या बाजूला उतार करून ठेवला, तर संपादक कितीही देवमाणूस असला तरी मासिकाला आणखी वाचकांची गरज वाटेनाशी होते. आणखी लेखकांची वाटू लागते. शुक्रवारच्या पत्रात 'संधी' म्हणून जे छापतात ते या मासिकांनी आपल्या गिऱ्हाइकाला घातलेलं बोलावणं आहे. आणि गिऱ्हाईक आमची छकुली.

स्पर्धांचा हिशेब तर आणखी सोपा आहे. समजा, बक्षीस एक हजार डॉलर आणि प्रवेशशुल्क पंचवीस. आठशे लोकांनी भाग घेतला तर वीस हजार जमले. हजार विजेत्याला, काही परीक्षकाला, काही छपाईला. राहिलेल्यातून मासिकाचं वर्ष निघतं. याला आमच्या भिशीत काय म्हणतात हे मी इथे लिहीत नाही. शिवाय भिशीत आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागतो.

आणि नंबर कोणाचा लागतो, याबद्दलही तिकडे एकदा मोठा धुरळा उडाला होता. २००४ साली एका ग्रंथपालाने स्वतःचं नाव गुप्त ठेवून कवितास्पर्धांची लक्तरं चव्हाट्यावर मांडली : कुठल्या स्पर्धेत परीक्षकांनी आपल्याच विद्यार्थ्याला किंवा मित्राला निवडलं, त्याच्या नावानिशी याद्या. ग्रंथपालच तो, याद्या व्यवस्थित होत्या. मग छोट्या प्रकाशकांच्या संघटनेने २००५ साली आचारसंहिता केली, परीक्षकाच्या ओळखीच्यांनी भाग घेऊ नये वगैरे. चांगलं झालं. पण आठशेतल्या सातशे नव्व्याण्णवांनी पैसे द्यायचे, हे कलम कोणाला खटकलं नाही.

आता दुसरी बाजू. ती मला छकुलीनेच ऐकवली, आणि ती खोटी नाही. ही मासिकं चालवणारे काही बंगले बांधत नाहीत. पुष्कळ ठिकाणी संपादक बिनपगारी, पहिली चाळणी करणारे तर हेच विद्यार्थी. छकुली स्वतः विभागाच्या मासिकासाठी आठवड्याला ढीगभर गोष्टी वाचते, फुकट. (म्हणजे ती तीन डॉलर देऊन पाठवते आणि दुसऱ्याचं तीन डॉलरचं फुकट वाचते. हे ऐकून माझा लाल पेन बंद पडला.) विद्यापीठं हात आखडता घेतात. सरकारी कला-निधी १९६५ सालापासून मदत करत आला होता. त्याने २०२५ च्या मे महिन्यात कितीतरी मासिकांची आणि छोट्या प्रकाशनांची मंजूर अनुदानं रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये लेखकांना द्यायच्या पाठ्यवृत्तीच पुढच्या वर्षापुरत्या गुंडाळल्या. त्याच आयोवात १९६७ सालापासून जगभरच्या लेखकांना बोलावणारा एक कार्यक्रम आहे. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे होते. त्या कार्यक्रमाचाही परराष्ट्रखात्याकडून येणारा पैसा २०२५ च्या आरंभी बंद झाला. या शुक्रवारच्या बातम्या मी वाचल्या त्या दिवशी मलाही जेवण गोड लागलं नाही. आपल्या मुलखातल्या माणसाला ज्यांनी पाहुणा म्हणून बोलावलं, त्यांच्या चुलीत पाणी पडलं तर वाईट वाटायचंच.

पण वाईट वाटणं वेगळं आणि बिल कोणाच्या नावाने फाडायचं ते वेगळं. सरकारने हात काढला, विद्यापीठाने हात काढला, वाचक मासिक विकत घेत नाही. मग उरला कोण? ज्याच्या खिशात सगळ्यांत कमी आहे तो. तोच तेवढा 'नाही' म्हणणार नाही. छकुलीला विद्यापीठाकडून फी माफ आहे आणि जगण्यापुरता पैसा मिळतो. त्याबदल्यात ती पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवते. परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाबाहेर नोकरी करायची परवानगी नाही, आणि आतही सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांवर नाही. म्हणजे हे तीन तीन आणि पंचवीस पंचवीस डॉलर तिच्या भाजीपाल्यातून जातात. कला-निधीची ती पाठ्यवृत्ती होती तेव्हाही तिच्या कामाची नव्हती. नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. डिग्रीनंतर तिथे राहून काम करायला एक वर्ष. इंजिनियर राहिली असती तर आणखी दोन मिळाली असती. गोष्टींना तेवढी मुदत नाही. जमेच्या बाजूला इतके कुंपणाचे खांब, आणि नावेच्या बाजूला दार सताड उघडं. पैसे भरायला नागरिकत्व लागत नाही.

मध्यंतरी तिने मला व्हरमाँटमधल्या एका डोंगरावरच्या शिबिराची हकीकत सांगितली. ब्रेड लोफ त्याचं नाव, १९२६ सालापासून भरतं, मोठी प्रतिष्ठा. तिथे कितीतरी वर्षं होतकरू लेखकांना एक शिष्यवृत्ती मिळायची : शिबिरात फुकट राहा आणि बाकीच्या लेखकांना जेवण वाढा. वेटर म्हणून. आता ती पद्धत बंद केली. मला मात्र ती सगळ्यांत प्रामाणिक वाटली. वाढप्याला निदान आपण वाढपी आहोत हे ठाऊक असतं, आणि पंगत उठल्यावर त्यालाही पान मिळतं.

मे महिन्यात छकुली सुट्टीला आली. पहिल्याच दिवशी हिने तिच्यासाठी चकल्या केल्या होत्या. छकुली चकली डाव्या बाजूने खात होती. फक्त डाव्या. ही म्हणाली, "उजवीकडे काय झालंय गं?" काही नाही, काही नाही करता करता कळलं की उजवीकडची दाढ ऑक्टोबरपासून दुखते आहे. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात सहसा बसत नाहीत. अमेरिकेत दात हा शरीराचा भाग धरत नसावेत. तिथल्या डॉक्टरने जो आकडा सांगितला तो ऐकून तिने ठरवलं, मे महिन्यापर्यंत लवंग.

"अगं पण पैसे साठवायचे की थोडे थोडे!" ही म्हणाली.

"साठवले होते काकू. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सगळ्या स्पर्धांच्या शेवटच्या तारखा असतात."

मी तिला तिचा वर्षाचा हिशेब मागितला. तिने फोन पुढे केला. मी एकेक आकडा कागदावर उतरवून बेरीज केली. दोनदा केली, कारण बेरीज चुकावी अशी फार इच्छा होती. चारशे बारा डॉलर. जमेला एका मासिकाच्या दोन प्रती.

पोरीने आठ महिने लवंग चावली. आणि का, तर दर शुक्रवारी तिच्या स्वतःच्या विभागाने, जिथल्या मास्तरांवर तिचा विश्वास आहे, त्या विभागाने तिच्या हातात 'संधी' असं शीर्षक लिहिलेला कागद दिला म्हणून. तारीख निघून जाईल ही भीती घातली म्हणून. मागच्या पानावर दुसऱ्या कोणाचं तरी अभिनंदन छापलं म्हणून. त्या विभागातल्या कोणाच्या मनात पाप नाही. पत्र तयार करणाऱ्या बाई आलेलं सगळं भलेपणाने चिकटवतात. पण बँकेत आमच्या काउंटरवर कोणी लॉटरीची तिकिटं 'गुंतवणूक' म्हणून ठेवली असती, तर भलेपणाने ठेवली म्हणून मॅनेजरने सोडलं नसतं.

त्या संध्याकाळी मला माझं संस्कृत आठवलं. मी छकुलीला म्हटलं, "पूर्वरूप संधी माहीत आहे?"

"मला फ्रेंच होतं काका."

तरीही मी समजावलं. 'ते' आणि 'अपि' एकत्र आले की 'तेऽपि' होतं. आधी बसलेला 'ते' जागचा हलत नाही. मागून आलेला 'अ' गडप होतो, आणि तो इथे होता याची खूण म्हणून तेवढी 'ऽ' अशी वळवळ मागे राहते. जो उशिरा आला तो गेला. "आता त्या खुणेवरून एक उभी रेघ मार," मी म्हटलं, "काय दिसतंय?"

ती हसली. मग गाल धरला.

माझ्या मागण्या मी तिला लिहून दिल्या. चारच आहेत, आणि क्रांती वगैरे त्यात काही नाही. त्या पत्राचे दोन भाग करा : लेखकाला पैसे देणारे एकीकडे, लेखकाकडून घेणारे दुसरीकडे, आणि 'संधी' हा शब्द पहिल्या भागालाच लावा. दुसऱ्या भागाला 'जाहिराती' म्हणा. आम्ही वर्तमानपत्रात तसंच म्हणतो. शुल्क भरलंच पाहिजे असं विभागाला वाटत असेल, तर ते विभागाने भरावं. विद्यार्थ्याचं नाव छापून आलं की विभागाचीच शोभा वाढते. आणि शुल्क घेणाऱ्या मासिकाने वर्षाच्या शेवटी किती गोष्टी आल्या, किती छापल्या, किती पैसे जमले आणि लेखकांना किती दिले, एवढे चार आकडे छापावेत. चार आकडे! आमच्या पतपेढीचे वार्षिक अहवाल याहून जाड असतात, आणि तिथे तर कोणी कविताही करत नाही.

"काका, हे मी डिपार्टमेंटला देऊ? मला वेडी म्हणतील."

"म्हणू देत. तू गोष्टी लिहायला अमेरिकेला गेलीस तेव्हाच म्हणून झालंय."

दाढ इथे झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे, तीन खेपांत, रूट कॅनाल आणि वर टोपी. बिल दादाने दिलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चारशे बारा डॉलरांत इथे असल्या किती झाल्या असत्या रे?" मी सांगितलं. दादा घरापर्यंत काही बोलला नाही. पण त्या संध्याकाळी गच्चीवर सेक्रेटरी भेटले तेव्हा तो प्रथमच म्हणाला, "माझी मुलगी गोष्टी लिहिते." आणि वर, "लोक तिच्याकडून पैसे घेतात वाचायचे." सेक्रेटरींना यातलं काय कळलं कोण जाणे, ते फार प्रभावित झाले.

छकुली परत गेली. शुक्रवारचं पत्र येतच आहे, अजून तरी एकाच भागात. पण तिने विभागाच्या सभेत कागद वाचून दाखवला म्हणे, आणि बरोबरच्या तीन-चार मुलांनी आपापले हिशेब काढले. एकाचा आकडा हिच्या दुप्पट होता. त्याला दाढ नव्हती, मोटार होती. ती त्याने विकली.

हा लेख इथेच संपवून पाकिटात घालणार होतो, तेवढ्यात ही आतून आली. हातात माझा मोबाइल.

"हे साडेसातशे कसले गेले?"

गेल्या महिन्यात मला एक परिपत्रक आलं होतं. 'निवडक प्रातिनिधिक कवींचा संग्रह.' आपली एक कविता पाठवावी, सोबत सहभाग-शुल्क रुपये ७५०. दोन प्रती आणि सन्मानचिन्ह घरपोच. शेवटची तारीख जवळ आली होती.

"टपालखर्च," मी म्हटलं.

"कुठली पाठवलीत? पावसावरची?"

"हो."

"चार ठिकाणांहून परत आलेली?"

"पाच."

ती काही बोलली नाही. टेबलावरचा माझाच लाल पेन उचलला, घरखर्चाची वही उघडली, नावेच्या बाजूला ७५० मांडले आणि पेन तसाच धरून विचारलं, "तपशिलात काय लिहू?"

"किरकोळ लिही," मी म्हटलं, "आणि छकुलीला फोन करू नकोस."